‘लोक काय म्हणतील’ वजा जाता

जुनी स्टेशन वॅगन घ्यावी असे ज्याच्या मनात आले, त्याने पहिले दोन दिवस घरात कोणाशी एक शब्द बोलू नये. बहुतेकांचा विचार तेवढ्यात आपोआप जातो. तिसऱ्या दिवशीही तो टिकून राहिला, तर पुढील मार्गदर्शन त्या गृहस्थासाठी आहे.

आधी थोडे अर्थशास्त्र. जुन्या गाडीच्या किमतीत तीन सदरांचे पैसे असतात: पत्र्या-लोखंडाचे, उरलेल्या आयुष्याचे आणि ‘लोक काय म्हणतील’चे. दहा वर्षे वापरलेली इनोव्हा घेणारा माणूस तिसऱ्या सदरात जी रक्कम मोजतो, तीत एक अख्खी छोटी गाडी येते. स्टेशन वॅगनच्या बाबतीत हे सदर वजा चिन्हाने येते. लोकांना जे म्हणायचे होते ते त्यांनी गाडी नवी असतानाच म्हणून घेतलेले आहे आणि त्याची भरपाई आता गिऱ्हाइकाला मिळते. आपल्या बाजारात इतका स्वच्छ सौदा दुसरा नाही.

लोक काय म्हणाले, ते थोडक्यात सांगायला हवे. टाटांनी 1992 साली इस्टेट आणली. पुढे मारुतीने बलेनोची अल्तुरा काढली, ओपेलची कोर्सा स्विंग आली, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, फियाटनेही हात पोळून घेतले. 2004 साली टाटांनी पुन्हा इंडिगो मरीना आणली. या सगळ्या गाड्यांत सामान मावत होते, म्हातारी माणसे सुखाने बसत होती आणि मागची सीट पाडली की कपाटसुद्धा जात होते. तरीही एकीचाही जम बसला नाही. कारण आपल्याकडे मोटार म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली वस्तू. डिकी हा अवयव सामानासाठी नसून सोसायटीसाठी असतो. छत थेट शेपटीपर्यंत गेले की खालच्या मजल्यावरचे जोशी विचारतात, ‘‘अ‍ॅम्ब्युलन्स घेतलीत का?’’ हे झाले सभ्य जोशी. दुसरे जोशी ज्या वाहनाचे नाव घेतात, त्यात बसणारा आडवा असतो.

उरलेसुरले काम सरकारने केले. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. लगोलग सगळ्या कंपन्या हातात फूटपट्टी घेऊन आपापल्या गाड्यांच्या मागे उभ्या राहिल्या. टाटांनी त्याच इंडिगोची शेपटी छाटून 2008 साली इंडिगो सीएस बाजारात आणली आणि ती चालली. मरीनाची शेपटी छाटायची तर मरीनाच उरत नव्हती.

आता निवड. कोर्सा स्विंग घेऊ नये, कारण ओपेल हा बिल्ला भारतातून जाऊनही बराच काळ लोटला. कॉम्बी दिसायला देखणी असते आणि तिचा मालक मन लावून बोलतो, पण एका सेन्सरच्या किमतीत मरीनाचा क्लच बदलून होतो. अल्तुराचे इंजिन गुणी असते. ती मिळाली तर जरूर घ्यावी, पण ती मिळत नाही. उरते मरीना, आणि प्रस्तुत मार्गदर्शकाचे मत मरीनाच्याच बाजूचे आहे.

त्याला शास्त्रीय आधार आहे. मरीना पुढून इंडिगो, इंडिगो पुढून बरीचशी इंडिका, आणि इंडिका ही टॅक्सी म्हणून महाराष्ट्रभर फिरलेली गाडी. सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत कोणत्याही गॅरेजात तिचे इंजिन डोळे मिटून खोलणारा मिस्त्री भेटतो. शॉकअप, क्लचप्लेट, ब्रेकपॅड, सगळे मिळते. नवे नाही मिळाले तर भंगारात मिळते. पण हा नियम मागच्या दारापर्यंतच लागू आहे. त्यापुढे जे काही आहे, म्हणजे मागची काच, मागचे दिवे, वर उघडणारे ते मोठे दार, ते फक्त मरीनाचे आहे आणि मरीना मुळात कमी खपलेली. म्हणून सोन्याचा नियम असा: पुढून थोडी ठोकलेली मरीना चालेल, मागून ठोकलेली चालणार नाही. विक्रेता बोनेटपाशी उभा राहून कौतुक करत असला तरी आपण प्रथम मागे जावे. सगळे जग गाडी तोंडावरून घेते, तुम्ही ती पाठीवरून घ्यायची आहे.

बजेट ठरवताना मराठी माणूस एक चूक हमखास करतो. दीड लाख ठरवतो आणि दीड लाखाची गाडी बघतो. दीड लाखाच्या बजेटात एक लाखाची गाडी बघावी. उरलेले पन्नास हजार गाडी स्वतःहून मागून घेते: टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट. बेल्ट बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडते आणि त्या भेटीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

शिवाय वयाचा प्रश्न आहे. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. त्यासाठीचे 600 रुपयांचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 झाले, वर पर्यावरण कर वेगळा. मरीना या वयाच्या पुढेच असणार. तेव्हा ‘‘पासिंग झालंय का?’’ हा प्रश्न ‘‘अ‍ॅव्हरेज काय देते?’’ या प्रश्नाच्या आधी विचारावा. अ‍ॅव्हरेजचे उत्तर खोटे असतेच. पासिंगचे खोटे निघाले तर निदान कागदावर दिसते.

जाहिरात वाचण्याचा सराव करावा. ‘डॉक्टरांची गाडी’ याचा अर्थ ती कधीतरी दवाखान्यासमोर उभी होती. ‘लेडीज ड्रिव्हन’ असे लिहिणाऱ्याच्या घरातल्या लेडीजना ते बहुधा ठाऊक नसते. ‘एसी चिल्ड, फक्त गॅस भरावा लागेल’ म्हणजे एसी नाही. ‘एक रुपयाचं काम नाही’ हे वाक्य मात्र अक्षरशः खरे असते. एक रुपयात कोणते काम होते?

बघायला जाताना सोबत तिघे असावेत. पहिला मिस्त्री. त्याला त्याचे पैसे रोख आणि आधी द्यावेत, म्हणजे सौदा मोडला तरी त्याचे नुकसान होत नाही आणि त्याची जीभ मोकळी राहते. दुसरे असे काका, ज्यांना कोणतीही गाडी पसंत पडत नाही. भाव पाडायला असा माणूस घरात असावा लागतो आणि तो प्रत्येक घरात असतोच. तिसरे कोणीही चालेल, फक्त त्या माणसाने ‘‘अय्या, रंग किती छान!’’ असे म्हणायचे नाही. हे वाक्य विक्रेत्याच्या कानावर पडले की दहा हजार गेले.

वेळ सकाळची घ्यावी आणि गाडी गार हवी. पोचल्याबरोबर नमस्कार करता करता एक हात बोनेटवर ठेवावा. कोमट लागले तर संवाद साधारण असा होतो.

‘‘गाडी आत्ता फिरवून आणलीत का हो?’’

‘‘नाही साहेब, उन्हात होती.’’

‘‘उन्हात? पार्किंग तर तळघरात आहे.’’

‘‘मुलगा दूध आणायला गेला होता.’’

दूध आणायला मरीना नेणाऱ्या कुटुंबाबद्दल आदर बाळगावा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता यावे. गार इंजिन सुरू होताना जे खोकते, ते तापल्यावर गोड बोलते. सुरू होताच धूर बघावा. निळा असेल तर इंजिन ऑइल पीत आहे. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा दाट धूर येतच राहिला तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मग इंजिन बंद करून ऑइलचे झाकण उघडावे. आतल्या बाजूला ताकातल्या लोण्यासारखा फेस चिकटलेला दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे. झाकण परत लावावे, चहा नाकारावा, निघावे.

मीटरकडे बघून वेळ दवडू नये. किलोमीटर मागे घेणारे कारागीर मोटारीच्या धंद्यातले सर्वांत अचूक लोक आहेत. पण त्यांचा हात ब्रेकच्या पॅडलपर्यंत पोचत नाही. मीटर म्हणतो अठ्ठेचाळीस हजार आणि पॅडलचे रबर घासून गुळगुळीत, तर रबराचे ऐकावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांचा टायर म्हातारा समजावा.

पत्र्यासाठी खिशात फ्रिजवरचे लोहचुंबक ठेवावे; गणपतीचे असल्यास उत्तम, विक्रेत्याला हरकत घेता येत नाही. दारे, फेंडर आणि मागच्या चाकांवरचा पत्रा यांवर ते फिरवावे. जिथे गणपती घसरतो, तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट’ गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात गणपती तीन ठिकाणी घसरला, तर काकांकडे बघावे. काका आधीच चपला घालत असतात.

पुराचे पाणी हा वेगळा विषय आहे. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. 2019 साली सांगली-कोल्हापूर बुडाले, 2021 च्या जुलैत चिपळूण. माणसे सावरली, घरे धुतली गेली, आणि बुडालेल्या गाड्यांपैकी कित्येक चकाचक होऊन दूरच्या गावी विक्रीला लागल्या. अशी गाडी ओळखण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे सीटबेल्ट. शेवटपर्यंत खेचावा. सगळे आतून शॅम्पूने धुतात, पण गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्याला कोणी शॅम्पू लावत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की गाडीने नदी पाहिली आहे. सीटखालचे स्क्रू गंजलेले असले तरी तेच. आणि गाडीत मोगऱ्याचा वास नाकाला झोंबेल इतका असेल, तर तो मोगरा कशाला आणला आहे, याचा विचार करावा.

भाव. मागितलेल्या किमतीतून तीस हजार कमी सांगून गप्प बसावे. गप्प बसणे आपल्याला जमत नाही, म्हणून काकांना बोलू द्यावे. ‘‘ही गाडी परत विकली जाणार नाही’’ हे त्यांचे वाक्य इथे सत्यही आहे आणि उपयोगीही. विक्रेत्याला ते आपल्याआधी कळलेले असते, म्हणून तर तो विकतो आहे.

जमले तर इसार द्यावा, पण उरलेली रक्कम कागद बघितल्याशिवाय नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. विकणाऱ्याच्या सहीचा फॉर्म 29, दोघांच्या सहीचा फॉर्म 30. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव चढवायचे असते. ‘‘कोऱ्या टीटीवर सह्या करून ठेवल्यात साहेब, सवडीने करा’’ असे म्हणणारा माणूस प्रेमळ वाटतो, पण त्याला समजावून सांगावे की 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे: आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची. विम्याचे हस्तांतरणही 14 दिवसांत मागावे लागते, आणि नो क्लेम बोनस जुना मालक आपल्यासोबत घेऊन जातो. तो गाडीचा नसतो, त्याचा असतो.

मग पूजा. हार, हळदकुंकू, बोनेटवर स्वस्तिक. नारळ गाडीसमोर जमिनीवर फोडावा. बंपरवर फोडण्याचा उत्साह भाच्यांना असतो, तो आवरावा. चारही चाकांखाली लिंबे ठेवून गाडी पुढे घ्यावी. पाचवे लिंबू स्टेपनीसाठी आणू नये. स्टेपनी विक्रेत्याने आदल्या रात्रीच काढून घेतलेली असते.