बांधाच्या भांडणासाठी वकिलाकडे पहिल्यांदा जाताना

शेजाऱ्यानं बांध कोरला किंवा वहिवाटीच्या रस्त्यावर काट्या टाकल्या, तर लगेच वकिलाकडे धावू नये. विषय आधी पारावर, मग सोयऱ्यांत, मग लग्नाच्या पंगतीत नीट मळून घ्यावा. रस्त्यातला अडथळा काढायला मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, ही माहिती कानावर येईल तेव्हा सातवा महिना लागलेला असावा. तरच तयारी पक्की झाली म्हणायची.

कागदांसाठी कापड दुकानाची पिशवी घ्यावी, शक्यतो बंद तुटलेली. तीत वीजबिलं, सोसायटीच्या पावत्या, पीकविम्याचा फॉर्म आणि आजोबांचा फेटा घातलेला फोटो भरावा. चालू सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचे उतारे कपाटात सुखरूप राहू द्यावेत. हवे तर वकीलसाहेब काढतील की ऑनलाइन!

सोबत किमान चौघं हवेत. त्यात एक चुलते असे, ज्यांचा स्वतःचा दावा वीस वर्षं चालू आहे, म्हणून त्यांना कायदा वकिलापेक्षा जास्त कळतो. चेंबरमध्ये खुर्च्या दोनच असतात. त्यावर चुलते आणि पिशवी बसतील.

हकिकत पणजोबांपासून सुरू करावी. वकील तारखा विचारतात, कारण जमिनीचा ताबा परत मागायला मुदतीच्या कायद्यानं बारा वर्षं मिळतात आणि ती कधीपासून मोजायची, यावरच पुष्कळदा सगळं अडतं. आपण मात्र 'धाकटीच्या बाळंतपणाच्या साली' एवढंच सांगावं. ते साल कोणतं, यावर चौघांत मतभेद झाले तर आणखी अर्धा तास सत्कारणी लागतो.

आता कळीचा मुद्दा. तीन वर्षांपूर्वी आपणच सरकारी मोजणी आणली होती आणि दोन गुंठे शेजाऱ्याचे आपल्याकडे निघाले होते. ती 'क' प्रत वकिलाला दाखवू नये. साऱ्या गावाला ठाऊक आहे, शेजाऱ्याच्या वकिलाकडे तर नक्कल असणारच. पण आपल्या वकिलाला कशाला उगाच त्रास! अशिलानं विश्वासानं सांगितलेलं गुप्त ठेवायला वकील कायद्यानंच बांधलेला असतो. पूर्वी 1872 चा पुरावा कायदा होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, हे बंधन काही गेलं नाही. म्हणजे पंचक्रोशीत तोंड बंद ठेवणं ज्याला भाग आहे असा एकच माणूस, आणि लपवायचं ते नेमकं त्याच्यापासून. (थोरल्या मुलाला मात्र घरीच ठेवावं. तो खरं बोलून जातो.)

फीचं नाव निघताच, 'आम्ही नुसतं विचारायला आलो होतो,' म्हणून उठावं. खरं विचारायचं ते उंबऱ्यावर, एक पाय चपलेत घालून: 'साहेब, जाता जाता एक. वडील गेल्यावर वारस लावताना बहिणीचं नाव राहिलंय. तशी ती काही म्हणत नाही. चालतं ना?'

वकीलसाहेब पेनाचं टोपण पुन्हा काढतात आणि चुलत्यांना म्हणतात, 'जरा ती पिशवी खाली ठेवा. यांना बसू द्या.'