दारू मोजतात, पीत नाहीत

टोलेडो, ओहायो
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. मामा आणि आत्या यांस,


आधी मुद्द्याचं सांगते, मग खुशाली. तुमचा लेक पीत नाही. परवा फोनवर मी म्हणाले, "शेजारचे म्हातारबुवा रोज संध्याकाळी दारू भरतात आणि हे मोजायला बसतात," तेवढ्यात तुमच्याकडची रेंज गेली. पुढचं वाक्य शेतात पडलं आणि पहिलं वाक्य घरभर फिरलं. आत्यांनी तुळजापूरला पायी जायचा नवस बोलल्याचं वन्संकडून कळलं. आत्या, ती दारू काडतुसातली. बंदुकीची. पायी जायचंच असेल तर देवीसाठी जा, यांच्यासाठी गुडघे दुखवून घेऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, ही तर जास्तच वाईट बातमी झाली. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

खापर फोडायचंच तर कोल्हापूर जिल्ह्यावर फोडा. २०२४ च्या १ ऑगस्टला पहाटे साडेतीन वाजता यांनी मला हलवून उठवलं. मला वाटलं घरून फोन आला. बघते तर टीव्हीवर कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे! फ्रान्समध्ये शातोरूला पन्नास मीटरची फायनल चाललेली. रेल्वेत तिकीट तपासणारा राधानगरी तालुक्यातला पोरगा, गुडघ्यावर बसून मारतो, मग पालथं पडून मारतो, शेवटी उभा राहून मारतो, आणि उभ्याच्या फेरीत वर सरकत सरकत तिसरा. ४५१.४ गुण, कांस्यपदक. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर मराठी माणसाला ऑलिंपिकात एकट्याच्या खेळात मिळालेलं पहिलं. हे सोफ्यावर उभे राहून ओरडले, धाकटी घाबरून रडायला लागली, आणि त्याच हातासरशी यांनी ठरवलं की आपणही नेमबाज व्हायचं. वय चव्वेचाळीस, चष्मा पावणेतीन, पोटाचं माप सांगत नाही.

मामा, तुम्हाला वाटत असेल अमेरिकेत किराणा आणायला जावं तशी बंदूक आणता येते. येत असेल, पण आमच्यासारख्या एच-वन व्हिसावाल्याला नाही. इथल्या केंद्राचा कायदाच आहे, असल्या पाहुण्याने बंदूकही बाळगायची नाही आणि काडतूसही नाही. ग्रीन कार्डाची रांग तर तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या मधल्या ओढ्यावरचा पूल त्याच्या आधी होईल. एक पळवाट आहे: शिकारीचा परवाना काढला तर चालतं. म्हातारबुवांनी ती मोठ्या आनंदाने सुचवली. हे क्षणभर गळ्यातल्या माळेला हात लावून उभे राहिले. माळकऱ्याने शिकारीचा परवाना काढला म्हणून पंढरीत कोणतं तोंड दाखवायचं, या विचाराने तो विषय तिथेच संपला. पांडुरंगाने मला केलेली ही एवढीच मदत.

मग छऱ्याची बंदूक आली. हवेवर चालते, तिला इथे केंद्राचा कायदा बंदूक मानत नाही. आमच्या राहीने आणि तेजस्विनीने केलं ते आपण का नाही, असं हे म्हणतात. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, दोघी कोल्हापूरच्या; हे त्यांचा उल्लेख आतेबहिणी असल्यासारखा करतात. राहीने २०१८ च्या एशियाडला सोनं घेतलं, तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. यांनी गेल्या महिन्यात तळघरातलं लोणचं घेतलं. म्हणजे बरणी. पूर्ण फुटली नाही, टवका उडाला.

दहा मीटर लांब खोली आमच्याकडे नाही. म्हणून हे कपडे धुवायच्या मशीनला पाठ लावून उभे राहतात, दारातून नेम धरतात आणि पलीकडे लोखंडी पेटीत कागदी लक्ष्य असतं. त्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका केवढा असतो माहितेय? अर्धा मिलीमीटर. मोहरीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे दांडगा. आणि त्यावर नेम स्थिर राहावा म्हणून अंगात कॅनव्हासचं जाकीट घालतात, इतकं ताठ की ते घातल्यावर खाली पडलेलं पेन उचलता येत नाही. धाकटी उचलून देते आणि दर पेनाला पंचवीस सेंट घेते.

पण मामा, मारणं हा या छंदातला लहान भाग आहे, हे मला हळूहळू कळलं. मोठा भाग म्हणजे बदलणं. पहिली बंदूक नळी मोडून भरायची होती. तीन आठवड्यांनी कळलं की तिला हिसका बसतो. मग सिलिंडरवाली आली. तिच्यात दोनशे बारचा दाब, मोटारीच्या चाकात असतो त्याच्या नव्वदपट. मग चाप बदलला, कारण जुना जड. दस्ता बदलला, कारण गालाला नीट लागत नाही. (गाल बदलायचा पर्याय मी सुचवला होता.) मग छरे. छरा दिसायला डमरूसारखा, मध्ये बारीक, पाचशेचा डबा. पण ४.४९ मिलीमीटरचा वेगळा, ४.५० चा वेगळा आणि ४.५१ चा वेगळा. यांनी तिन्ही आणले. मी विचारलं, काय फरक पडला? म्हणाले, अजून कळायला सहा महिने लागतील. शेतात इंजिन बसवल्यावर पट्टा, बुश आणि फुटव्हॉल्व्हवर गावातली माणसं दिवसभर बोलत बसायची आणि पाणी मात्र रात्री द्यायची, ते आठवलं.

त्या तुर्की गृहस्थाचा फोटो मी फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. युसुफ दिकेच. त्याच पॅरिसच्या ऑलिंपिकात साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र पिस्तुलात रौप्य. हे फ्रिज उघडताना दुसरीकडे बघतात.

शेजारच्या म्हातारबुवांनी एकदा यांना विचारलं, तुमच्या जिल्ह्यात लोकांकडे बंदुका असतात का? यांची छाती फुगली. म्हणाले, आमच्या परंड्याला होती एक, पन्नास टनांच्या वरची. म्हातारबुवांनी कॉफीचा कप खाली ठेवला. मला लग्न होईपर्यंत मुलूखमैदान तोफ म्हणजे सभा गाजवणारा पुढारी एवढंच माहीत होतं; तुमच्याकडे आल्यावर मामांनी परंड्याचा किल्ला दाखवला तेव्हा कळलं की ती खरंच तोफ होती आणि आपल्याच किल्ल्यावर होती. १५४९ मध्ये नगरला ओतलेली, लांबी चौदा फूट, तोंड सिंहाचं आणि जबड्यात हत्ती. १६३२ मध्ये विजापूरकरांनी ओढून नेली. तिची जोडीदारीण कडक बिजली वाटेत कृष्णेत बुडाली म्हणतात. आणि तालिकोटच्या लढाईत, १५६५ ला, तिच्यात तांब्याच्या पैशांच्या पिशव्या भरून मारल्या असंही सांगतात. हे ऐकून मी एवढंच म्हणाले की ती पद्धत आमच्या घरात अजून चालू आहे.

पुढचं तर यांनी सांगायचं टाळलं, मी सांगितलं. इंग्रजांनी १८५४ ला ती तोफ भंगारात लिलावाला काढली तेव्हा सगळ्यात मोठी बोली आली दीडशे रुपये. फारच कमी म्हणून विकली नाही, इतकंच. नव्या चापाचे पैसे जुनी बंदूक विकून निघतील असं हे म्हणतात ना, त्यांना मी तो दीडशेचा आकडा ऐकवते.

आता दारूकडे येते.

म्हातारबुवांच्या गॅरेजात एक लाकडी बाक आहे आणि त्यावर हातदाबाचं यंत्र. शेवयाच्या साच्याचा थोरला भाऊ समजा. तिथे ते वाजलेली काडतुसं पुन्हा भरतात. पितळी पुंगळी वाया जात नाही. ती धुतात, पुसतात, आणि चकाकी यावी म्हणून मक्याच्या बुरकुंडांच्या भुशात तासन्‌तास घोळतात. आत्या, तुम्ही चिंच लावून देवाची भांडी घासता, त्याहून जास्त प्रेम. मग नवी टोपी, मोजून दारू, वर शिशाची गोळी. भरताना गॅरेजात रेडिओ बंद, गप्पा बंद आणि पंखासुद्धा बंद, कारण वाऱ्याने तराजूचं पारडं हलतं. छापील पुस्तकात जेवढं लिहिलंय त्याच्या पुढे एक कणही जायचं नाही, पेटतं काही जवळ नाही, आणि निघताना हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. माझं माहेर तेरखेड्याकडचं. फटाक्याच्या शेडाबाहेर चपलासुद्धा जपून काढणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलीत. म्हातारबुवांची शिस्त बघितली आणि मी यांना तिथे जाऊ द्यायला तयार झाले.

जाऊन करायचं काय, तर काडतुसाला हात लावायचा नाही, तो कायदा. म्हणून यांच्याकडे वही दिलीय. म्हातारबुवा वजन बोलतात, हे लिहून घेतात आणि तराजूचा आकडा पुन्हा वाचून दाखवतात. थेट तलाठी. मोजमाप ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा हो, जवसारख्या धान्यावरून आलेलं वजन, सात हजार ग्रेनांचा एक पौंड. हे ऐकून यांना मामांची सोनाराकडची गोष्ट आठवली. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. आणि तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज दोन ग्रेनांपेक्षा थोडी कमी. म्हातारबुवा थक्क! शेंगेतली लाल-काळी बी घेऊन सोनं तोलणाऱ्या लोकांबद्दल त्यांनी इतक्या आदराने विचारलं की यांनी तीन दिवस घरात मीठसुद्धा गुंजांत मागितलं.

हे सगळं स्वस्त पडावं म्हणून करतात असं म्हातारबुवा सांगतात. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून मान हलवतात. भरलेलं काडतूस स्वस्त पडतं, म्हणून दुप्पट वाजवतात. सेलमध्ये साडी निम्म्या किमतीत मिळाली म्हणून चार आणाव्यात, तसं. आमची दोघींची त्या मान हलवण्यावरून मैत्री झाली.

गंमत पुढे आहे. यांनी तीन महिने वही लिहिली, तक्ते काढले, आणि एक दिवस विचारलं, स्वप्नील ज्याने जिंकला ते बावीसचं काडतूस कधी भरायचं? म्हातारबुवा म्हणाले, ते भरता येतच नाही. त्याला वेगळी टोपी नसते, मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत असतो. घोडा पडला, कड चेपली, संपलं. आणि यांच्या छऱ्यात तर भरायला काहीच नाही. म्हणजे हे ज्या विद्येत पारंगत झाले ती यांच्या बंदुकीला लागू नाही आणि यांच्या देवालाही नाही. त्या रात्री जेवले नाहीत नीट. आणि गावी येऊन हा उद्योग करू म्हणत असतील तर मामा, तुम्हीच सांगा त्यांना: आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायलाही परवाना लागतो, आणि बंदुकीचा परवाना असला तरी निवडणूक लागली की ती बऱ्याचदा गपगुमान ठाण्यात जमा करावी लागते. निवडणुका आपल्याकडे किती असतात ते त्यांना माहीत आहे.

उन्हाळ्यात आम्ही कॅम्प पेरीला गेलो होतो. ईरी सरोवराच्या काठाला १९०७ पासून इथल्या नेमबाजांची मोठी जत्रा भरते. पाळणे नाहीत, रेवड्या नाहीत, कानात बोळे घालून माणसं मैलभर गाड्या लावून बसलेली. बार थांबले की सगळी खाली वाकून आपापल्या पुंगळ्या वेचतात. मला एकदम चैत्रातली येरमाळ्याची यात्रा दिसली. येडाईच्या पालखीच्या दिवशी लोक चुनखडीचे खडे वेचतात ना, अगदी तसंच, त्याच श्रद्धेने. मी नकळत हात जोडले. शेजारच्या बाईने तिच्या हातातल्या दोन पुंगळ्या मला देऊ केल्या.

परतताना गाडीत म्हातारबुवांनी विचारलं, लहानपणी तू काय वापरायचास? हे म्हणाले, गोफण. आणि मग ओहायोच्या हमरस्त्यावर सव्वा तास ज्वारीचं शेत उभं राहिलं. माच्यावर उभं राहून पाखरं कशी हाकायची, मामा अंबाडीच्या वाखाची गोफण कशी वळायचे, दगड संपले की काळ्या मातीचे गुंडे करून उन्हात कसे वाळवायचे. एवढं सलग बोलताना मी यांना आमच्या लग्नात आणि त्यानंतरही ऐकलेलं नाही. म्हातारबुवांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, म्हणजे तू आठव्या वर्षापासून स्वतःचा दारूगोळा स्वतः बनवतोयस!

आता गॅरेजात बाकाच्या एका टोकाला परसातल्या मातीचे अकरा गुंडे वाळत पडलेत. यांना अखेर हात लावायला मिळालं. प्रत्येक गुंड्याचं वजन वहीत आहे. साठ ग्रॅमचा भरला तो नऊशे सव्वीस ग्रेन. दोन तडकले, ते "नाकारले" या रकान्यात गेले. गोफण म्हणून माझी ओढणी मागितली होती. दिली नाही.

तर मामा, अंबाडी काढली असेल तर दोन गोफणी वळून पाठवा. एक नेहमीची, एक डावखुऱ्या माणसाची, म्हातारबुवा डावरे आहेत. पार्सलवर "शेतीचे साहित्य" असं स्पष्ट लिहा. आत्या, सोबत काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. गुंडे मात्र पाठवू नका. परदेशची माती इथले कस्टमवाले आत येऊ देत नाहीत. गुंडे आम्ही इथे भरू.

तुमची,
थोरली सून

ता. क. हे वाचून पाहत होते. म्हणतात, गोफणीच्या दोन दोऱ्यांची लांबी मिलीमीटरमध्ये कळवा.