ओरिजिनल कलर

शहापुरात अण्णांकडे गेलं की पाण्याच्या तांब्याआधी सूचना येते : "गाडीला टेकू नका." गाडी म्हणजे १९८८ची प्रीमियर पद्मिनी, मलईच्या रंगाची. कुर्ल्याच्या कारखान्यात लागला तोच रंग अजून अंगावर. कर्णाने कवचकुंडलं दान केली. अण्णा असते तर इंद्र हात हलवत गेला असता.

या पट्ट्यात रंगाला बारमाही वैरी. दिवाळी सरली की वीटभट्ट्यांची धूळ, मग आंब्याच्या मोहोराचा चिकटा, मग जांभळं, मग चार महिने ओल. जांभूळ तोडायचं तर वहिनी तोडू देत नाहीत. म्हणून पिकल्या दिवसांत नातू झाडाखाली ड्यूटीवर : पडायच्या आत झेलायचं. दसऱ्याला हळदकुंकू नंबरप्लेटला, बॉनेटला लांबूनच नमस्कार.

पाण्याचं अण्णांना भान आहे. तानसा, भातसा तालुक्यातच. पाणी मुंबईला आणि मे महिन्यात पाड्यांवर टँकर. म्हणून गाडीला अर्धीच बादली. वहिनींनी एकदा तांदूळ धुतलेलं पाणी पुढे केलं, तर दोन दिवस अबोला.

रविवारी ऊन चढायच्या आत पॉलिश. हात सरळ रेषेत. गोल फिरवला की उन्हात चकल्या दिसतात म्हणे. या जुन्या रंगावर पारदर्शक थर नाही, त्यामुळे घासलं की फडक्याला रंगच येतो. ती फडकी अण्णा टाकत नाहीत, पत्र्याच्या पेटीत ठेवतात. "ओरिजिनल आहे, टाकायचा कसा?" आता निम्मी गाडी पेटीत असावी, असा माझा अंदाज; बॉनेटच्या कडेला प्रायमर डोकावतोच आहे.

परवा म्हशाच्या यात्रेत बैल बघून मुरबाडचे व्याही आले. त्याच नजरेने गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "झकास! कलर कधी मारलात?"

अण्णांचा चेहरा उतरला. तोंडाने उत्तर न देता त्यांनी दार उघडलं, रबराचं बीडिंग हलकेच ओढलं आणि आतली पट्टी दाखवली. ऊन नाही, पाऊस नाही, फडकं तर कधीच नाही. व्याही वाकले, चष्मा सारून निरखलं.

"अरे वा, हा तर नवाकोरा! मग अण्णासाहेब, बाहेरचाच का घालवलात?"

अण्णांनी बीडिंग जागेवर दाबलं आणि आत हाक दिली, "अगं, चहा एकच कप टाक."