वहीवाले बाबूजी

इंदूरचा मराठी माणूस रेल्वेवर बोलायला लागला की समोरच्याने आधी खुर्ची शोधावी. कारण गोष्ट थेट 1870 च्या सुमारास सुरू होते. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षे. शिंदे मागे कसे राहतील? त्यांनी इंदूर-नीमच मार्गासाठी 75 लाख काढले, पण चार टक्क्यांनी. हा वरचा अर्धा टक्का आम्हा इंदूरकरांना आजही मानाचा वाटतो. पुढे दोन्ही संस्थानी रेल्वे राजपुताना-माळवा रेल्वेत विरल्या, 1885 मध्ये कारभार बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बीबीसीआय रेल्वेकडे गेला आणि 5 नोव्हेंबर 1951 ला पश्चिम रेल्वे आली. इतके मालक झाले, त्यांतल्या एकानेही मला विचारले नाही. तरी मालकीची भावना माझ्यात ठणठणीत आहे.

लहानपणी आमच्यासाठी रेल्वे म्हणजे मीटरगेज. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस इंदूर, महू, खंडवा करत अकोल्याला पोचवायची. खंडव्याला मुंबईकडची रुंद लाईन आणि आमची अरुंद लाईन समोरासमोर यायच्या, आणि आमच्या गाडीकडे बघून मला उगाच धाकट्या भावासारखे वाटायचे. डब्यांवर कोणत्या रेल्वेचे नाव आहे ते वाचत बसायचा नाद तिथेच लागला. आता मालडब्यांवर अकरा आकडे असतात: पहिले दोन डब्याच्या प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या वर्षाचे, चार डब्याचे स्वतःचे. अकरावा आकडा आधीचे दहा बरोबर वाचलेत का हे ताडण्यासाठी. असा एक आकडा माझ्यावरही जन्मतःच रंगवायला हवा होता.

पोलोग्राउंडच्या कारखान्यांपलीकडे लक्ष्मीबाई नगर जंक्शन लागते. देवास-उज्जैनची वाट एकीकडे, फतेहाबाद-रतलामची दुसरीकडे. अशा जागी मालगाडी सिग्नलला थांबली की माझी वही बाहेर येते. त्या दिवशीही आली. बंद डब्यांची लांबलचक रेक उभी, मी रस्त्याकडेला आकडे पुटपुटत लिहितोय, कानावर पेन्सिल. बाजूला ट्रकांची रांग. एक ड्रायव्हर खाली उतरला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "बाबूजी, रेक कब लगेगी?"

आयुष्यात मला बाबूजी कोणी म्हणत नाही. घरी तर नाहीच. "मी रेल्वेचा माणूस नाही" हे सोपे वाक्य घशाशी आले आणि तिथेच थांबले. त्याऐवजी मी डब्याच्या चाकांवरच्या स्प्रिंगांकडे पारखी नजरेने पाहिले. भरलेल्या डब्याच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात, रिकाम्याच्या मोकळ्या, हे मी पुस्तकात वाचले होते. म्हणालो, "खाली है. देवास की तरफ निकल जाएगी." आवाजात बीबीसीआयच्या साहेबाचा रुबाब होता.

अर्ध्या तासात रांग विस्कटली. कोणी पोह्यांकडे, कोणी चहाकडे, दोघे सरळ घरी. मग इंजिनाने शिट्टी दिली, आणि रेक देवासकडे न जाता मालधक्क्याला लागली. दारे उघडली. आत छतापर्यंत पोती.

हमाल तयार, डबे तयार, ट्रक गायब. डबे ठरल्या वेळेत रिकामे झाले नाहीत की रेल्वे डेमरेज लावते, धक्क्यावर माल पडून राहिला तर वेगळे पैसे. हे सगळे मला तोंडपाठ होते. पण ते माझ्यापेक्षा चांगले ज्याला ठाऊक होते तो ठेकेदाराचा मुनीम माझ्याकडे चालत येत होता.

"कौन से दफ्तर से हो?"

घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो. माझ्या तोंडाला होळकर आले. एक कोटी, साडेचार टक्के, 101 वर्षे, सगळे. मुनीमजींनी शांतपणे ऐकले, पान बाजूला थुंकले आणि विचारले, "तो भिया, वसूली करने आए हो?"

हमाल हसले ते अजून हसत असावेत. पुढचा तासभर मी पोहेवाल्यांकडे आणि चहाच्या टपऱ्यांवर फिरून ड्रायव्हर गोळा करत होतो. घरी गेलेल्या दोघांना फोन मुनीमजींनीच लावले; मी फक्त "वो वहीवाले बाबूजी" या माझ्या नव्या ओळखीला मान डोलावली. सौ.ला सगळे सांगितले. तिने फक्त विचारले, "व्याज तरी मिळालं का?"

पोलोग्राउंडला मी अजूनही जातो. वाचकहो, तिकडे कधी वही घेतलेला गृहस्थ दिसला, तर डबा कोणत्या रेल्वेचा ते त्याला खुशाल विचारा. आत काय आहे ते मात्र मुनीमजींनाच विचारा.