धाकट्याचा टू बीएचके

वहिनी, खरं का हो? धाकटा फ्लॅट बघतोय म्हणे! तुम्ही नाही बोललात, पण आपल्या पोळ्यावाल्या बाई बोलल्याच ना. दर रविवारी दोघं सकाळीच गाडी काढतात आणि भर दुपारी हातात चकचकीत पुस्तिका घेऊन परततात. धायरी झालं, नऱ्हे झालं, आता वाघोली चाललंय. बुकिंग नाही ना केलं अजून? नक्की ना? मग ठीक. थांबा, गॅस बारीक करून आले.

हं. आता मी बोलते, तुम्ही ऐका. कर्जाच्या टेबलावर जन्म गेला माझा. माणसं कशी यायची, तर आधी चेक फाडून यायची आणि मग विचारायची, "मॅडम, कर्ज किती बसेल?" अहो, हे आधी विचारायचं! सॅम्पल फ्लॅट बघून आलेल्या माणसाला आकडा ऐकूच येत नाही. त्याला फक्त ती पांढरी किचन ट्रॉली दिसत असते.

धाकटा किती म्हणतोय? पंचावन्न लाख? बरं, तोच आकडा धरू. लिहून घेताय का? राहू दे, तोंडी सांगते. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँकेला किमतीच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणजे 44 लाख बँकेचे, 11 लाख आपले. इथपर्यंत पोरांना माहीत असतं. पुढचं कोणी सांगत नाही. इमारत अजून उभी राहत असेल तर जीएसटी 5 टक्के, म्हणजे पावणेतीन लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 3 लाख 85 हजार. नोंदणी फी 30 हजार. या शुल्काला आणि फीला बँक एक रुपया देत नाही, ते घरच्याच पैशातून. करा बेरीज. 17 लाख 90 हजार. आणि अजून पार्किंग, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, विजेचं मीटर, वकील यातलं काहीच धरलेलं नाही. पंखे आणि पडदे तर सोडाच. धाकटा 11 लाख जमवून बसला असेल आणि त्याला वाटत असेल, तयारी झाली.

अहो, घाबरू नका, आपण हिशेब करतोय.

तयार घर घेतलं, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, तर बिल्डरकडून घेतलं तरी जीएसटी नाही. पावणेतीन लाख वाचले. शिवाय दुसरं एक मरण वाचतं. इमारत होईपर्यंत इकडे भाडंही भरायचं आणि तिकडे बँकेचं व्याजही. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने "दिवाळीत पझेशन" ऐकून फ्लॅट घेतला. कुठली दिवाळी ते त्यांनी विचारलं नाही आणि बिल्डरने सांगितलं नाही. नाव नाही घेत मी कोणाचं. पण त्यांच्या घरी नंतर तीन वेळा फराळ झाला, तिन्ही वेळा भाड्याच्याच घरात.

आता एक नाजूक गोष्ट. रागावू नका. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे आपल्या राज्यात. 2021 पासून. पंचावन्न लाखांवर 55 हजार होतात. पण दोघांच्या नावावर घेतलं की सवलत गेली. फक्त बाईचंच नाव हवं. कर्जात नवरा सोबत राहिला तरी चालतं, बँकेला त्याचा पगार हवाच असतो.

...का हो, गप्प का झालात?

नाही, तुमच्या मनात आलं ते मला कळलं. माझ्या टेबलासमोर हा प्रसंग इतक्यांदा घडलाय की मी कोणाच्या चेहऱ्यावर काय उमटणार ते आधीच सांगायचे. मुलगा म्हणतो, "तिच्या नावावर करू, पैसे वाचतात." मग मुलाची आई पर्समधला रुमाल शोधायला लागते. मुलीचे वडील खिडकीबाहेर बघतात. मुलगी म्हणते, "नको, दोघांच्या नावावर करू," आणि तिलाही खरं तर तसं वाटत नसतं. 55 हजार रुपये असे चौघांच्या मधल्या टेबलावर पडून राहतात आणि कोणी उचलत नाही! मी काही सल्ला देत नाही. एवढंच म्हणते, की हे बोलणं रजिस्ट्रारच्या ऑफिसात नको, घरी होऊ द्या. सूनबाईंचाही पगार त्यात जाणार आहे ना? मग तिचं नाव कुठेतरी तर हवंच. एकटीचं की दोघांचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमचं नाव घालायचा विषय मात्र काढू नका. मी स्पष्ट बोलते, तुम्हाला माहीत आहे.

हप्त्याचं बघितलंय का त्यांनी? 44 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर महिन्याला 38 हजारांच्या थोडं वर. पहिल्या हप्त्यातले 31 हजार व्याजातच जातात, मुद्दलात जेमतेम सात. हे ऐकल्यावर माणसं पाणी मागतात. मग तो बँकेतला गोड मुलगा म्हणतो, "सर, तीस वर्षं करू, हप्ता कमी येईल." येतो ना कमी. साडेचार हजारांनीही नाही. आणि शेवटी व्याज तीस लाखांनी जास्त जातं. तीस लाख, वहिनी! अर्थात सुरुवातीला झेपत नसेल तर घ्यावी मुदत लांबची, पण मग बोनस आला की मुद्दलात घालत जावा. बदलत्या व्याजाच्या घरकर्जाला आधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही. पोरं बोनस घेऊन बालीला जातात, तो भाग वेगळा.

मी काय म्हणते, आत्ता भाडं किती देतात ते? अठरा हजार? मग आजपासून दर महिन्याच्या पाच तारखेला वीस हजार वेगळ्या खात्यात टाकायचे आणि विसरायचे. गणपती, दिवाळी, कोणाचं लग्न, गाडीचा विमा, सगळं त्या काळात येऊन जाऊ दे. सहा महिने हे जमलं तर हप्ता जमेल. चौथ्या महिन्यात हात घातला त्या खात्यात, तर पंचेचाळीसचं घर बघा. रंगीत तालीम नको का? आणि जमलेले लाख-सव्वा लाख पडद्यांना येतात.

सिबिल काढलंय का? 300 ते 900 मध्ये असतो तो आकडा, साडेसातशेच्या वर असला की बँकवाले चहा मागवतात. एक मुलगा आला होता, पगार उत्तम, नोकरी मोठ्या कंपनीत, आणि अर्ज अडकला. का, तर कधीकाळी मॉलमध्ये कोणीतरी फुकट म्हणून गळ्यात मारलेलं क्रेडिट कार्ड. वार्षिक फी भरली नाही, हा घर बदलून गेला, पत्रं जुन्या पत्त्यावर. काही शे रुपयांसाठी रेकॉर्ड खराब! धाकटा मित्रासाठी जामीन वगैरे राहिलेला नाही ना? विचारा. हो, तुमच्या मोठ्याच्या कर्जाला राहिला असेल तर तेही मोजतात. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, काढून बघायला काय जातंय?

सॅम्पल फ्लॅटबद्दल सूनबाई काय म्हणाल्या? "एकदम मोठा वाटतो." वाटणारच! खोल्यांना दारं बसवलेली होती का तिथे? नसतात बहुतेक. दार नाही म्हणजे उघडायला जागा लागत नाही. एका भिंतीला आख्खा आरसा. आणि पलंग नीट बघा, साडेपाच फुटांचा असतो. आमचे हे आडवे झाले तर पाय बाहेर. माझी भाची टेप घेऊन गेली होती. ती सेल्सवाली मुलगी हसत होती, भाचीने बेडरूम मोजली, मग जमिनीवर खडूने कपाटाची रेघ मारली, पलंगाची रेघ मारली. मधे उरलं एक फूट. कपाटाचं दार उघडलं की पलंगावर चढायचं! मग हसणं थांबलं. आता कायद्याने कार्पेट एरियावरच विकायला लागतं, पण तोंडाने अजून "साडेआठशे स्क्वेअर फूट" म्हणतात आणि कागदावर सहाशे निघतं. कागदावरचं खरं.

कागदावरून आठवलं. महारेराचा नंबर बघतात ना? 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही छापावा लागतो, मोबाइल धरला की प्रकल्पाची सगळी कुंडली येते. पूर्ण करायची तारीख, किती घरं गेली, कोर्टकचेरी काय आहे. आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत त्यांना. "आज वीस टक्के भरा, भाव उद्या वाढतोय" म्हणाला की चप्पल घालून निघायचं. पण नुसत्या नंबरावरही विसंबू नका हो. डोंबिवलीचं वाचलंत ना? 65 इमारती. खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवलेले. 2024 च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने पाडायला सांगितल्या. आत राहणारी माणसं तुमच्या-आमच्यासारखीच, बँकांची कर्जं काढून घर घेतलेली. तेव्हा परवानगीची प्रत मागायची आणि ती महापालिकेत नाहीतर पीएमआरडीएत जाऊन खरी आहे का बघायचं. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून. बिल्डरच्या वकिलाकडून नाही. जमीन गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेली निघाली तर भाव कितीही कमी असू दे, लांबून नमस्कार.

आणि पाणी! 2017 मध्ये अकरा गावं, 2021 मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली. पत्ता पुण्याचा झाला, नळाला पाणी आलंच असं नाही. सेल्सच्या मुलीला विचारू नका, ती बिचारी पाठ केलेलं बोलणार. शेजारच्या तयार इमारतीच्या वॉचमनला विचारा, "उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती?" तो बोटांवर मोजून सांगतो. तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि हप्त्याच्या हिशेबात कोणी धरत नाही. आणि रविवारी सकाळी रस्ता बघू नये. मंगळवारी संध्याकाळी सातला सिंहगड रोडने जाऊन बघा म्हणावं, मग ठरवा "वीस मिनिटांवर" काय ते.

जुन्या सोसायटीतलं बघत असतील तर तेही वाईट नाही. तिथे शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, एवढं विचारायचं. जागा ऐसपैस असते. लिफ्ट नसते, पण पोरं तरुण आहेत. म्हाडाच्या सोडतीचा अर्जही भरून ठेवायला सांगा, खासगी बिल्डरांच्या प्रकल्पांतली घरंही त्यात निघतात. नाही लागला नंबर तर अनामत परत मिळते.

मुहूर्त? बघा की, पाडव्याला चेक द्या, दसऱ्याला द्या. पण भाव मात्र पितृपक्षात करा. तेव्हा कोणी फिरकत नाही, सेल्स ऑफिसात सगळे माशा मारत बसलेले असतात. तेव्हा बोलणी, आणि सही घटस्थापनेनंतर. पितरं काही रागवत नाहीत, उलट नातवाचे चार पैसे वाचले म्हणून खूशच होतील. ऑफर म्हणून सोन्याचं नाणं, मॉड्युलर किचन देतात ना, ते नको म्हणायचं. किंमत कमी करा म्हणायचं. किंमत कमी झाली की जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि कर्ज, तिन्ही उतरतात. नाण्याने काय उतरतं?

बघा, बोलता बोलता माझी आमटी आटली असेल. असं करा, दोघांना या रविवारी साइटवर नको, माझ्याकडे पाठवा. पगाराच्या तीन महिन्यांच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि सिबिलचा रिपोर्ट घेऊन यायला सांगा. चेकबुक मात्र घरीच ठेवू दे.