हे अंशतः खरे आहे

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

अधिवेशन तोंडावर आले, तुझ्या टेबलावर एलएक्यूचा, म्हणजे आमदारांच्या प्रश्नांचा, ढीग पडला आणि रात्री दहा वाजले तरी तुमच्या कार्यासनाचे दिवे जळत असतात, असे ताई सांगत होती. घाबरू नकोस. मी अवर सचिव म्हणून निवृत्त झालो तो एका वाक्याच्या जोरावर. ते वर शीर्षकात दिलेच आहे.

समजा, प्रश्न आला : ‘(१) अमुक नदीवरील नवा पूल माहे जुलैमध्ये वा त्यादरम्यान संपूर्णतः वाहून गेला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, संबंधित ठेकेदारावर कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आता ‘वा त्यादरम्यान’ ही मेख मारणारा आमदार (किंवा त्याचा पीए) मुरलेला. तारखेवरून तो सापडायचा नाही. पण ‘संपूर्णतः’ला फसला! दोन खांब उभे आहेत ना? मग लिही : (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. अगदीच भीड वाटली, तर अंशतः खरे म्हण. खोटे मात्र कधी लिहू नकोस, हक्कभंग अंगाशी येतो. आपल्याला खरेच लिहायचे असते, फक्त ते कोणाच्या उपयोगी पडता कामा नये.

या विद्येचा कळस पाहायचा तर दिल्लीकडे बघ. १४ सप्टेंबर २०२०. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय, असे लोकसभेत विचारले होते. कामगार मंत्रालयाचे लेखी उत्तर : अशी आकडेवारी ठेवली जात नाही, सबब, भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली होती. वर्तमानपत्रांनी सोळा मोजले, मंत्रालयाला मोजायचेच नव्हते. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही नव्हता, सगळा कारभार लेखी. सुख म्हणतात ते हेच.

कारण खरी भीती उपप्रश्नाची. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवल्याचा विषय सभागृहात निघाला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचे, पंतप्रधानांचे जावई. पण गृहस्थ पिच्छाच सोडेना. छगला आयोग बसला आणि १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी घरी गेले. म्हणून अतारांकित प्रश्नावर प्रेम कर. तिथे उत्तर छापले की विषय संपला, समोर उभे राहून ‘पण का?’ म्हणणारा कोणी नसतो. लोकसभेत दिवसाला तारांकित वीस आणि अतारांकित २३०, यावरून देशाची प्रकृती ओळख.

‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे मात्र जपून वापर. ते आश्वासनात धरतात आणि आश्वासन समिती वर्षानुवर्षे पत्रे पाठवत बसते. तोवर तुझी बदली होईलच म्हणा.

तुझा,
मामा

ता. क. – पुलाचा ठेकेदार काल घरी येऊन गेला. (२)चे उत्तर त्याने टाइप करूनच आणले आहे. ऱ्हस्वदीर्घ तेवढे तपासून घे, आमदारसाहेबांनी आधीच पाहिले आहे.