चि. भाचेबुवा, पिशवी पोचली

चि. भाचेबुवांस,

देवणीहून मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उघडं लिहितोय, कारण बंद पत्र तू उघडत नाहीस आणि आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं तोंड तू साखरपुड्यापासूनच बांधून ठेवलं आहेस. शिवाय गुन्हा तुझ्या एकट्याचा नाही. आमच्या लातूर-नांदेडकडची पोरं पुण्यात नोकरीला लागली की त्यांना लग्नासाठी गोव्याची वाळू आठवायला लागली आहे आणि वाळूत गेलेल्या प्रत्येक वऱ्हाडाच्या हाती ही पिशवी येते. त्यांनीही वाचावं.

तर 'वेलकम बॅग' मिळाली. फार देखणी होती. तुझं अर्धं आणि सूनबाईचं अर्धं नाव कापून केलेला तो जोडशब्द आज्जीनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "ही कंपनी कशाची हाय?"

मिळाली म्हणजे दुपारी मिळाली. हे तुला कुणी सांगितलं नसेल, तू तेव्हा वाळूत पांढरा सदरा घालून फोटोसाठी पळत होतास. आमची ट्रॅव्हल्स लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत रात्रभर चालली आणि आंबोलीचा घाट उतरून उजाडता उजाडता रिसॉर्टच्या दारात लागली. खोल्या मात्र दुपारी दोनला. पिशव्या खोल्यांत, खोल्यांना कुलूप. स्वागत आत आणि पाहुणे बाहेर, अशी तुझी नामी व्यवस्था. आंबोलीच्या वळणांनी तुझ्या मावशीच्या पोटात काही ठेवलं नव्हतं. ती लॉबीतल्या काचेच्या टेबलावर डोकं टेकून बसली होती. आज्जीनं कमरेच्या पिशवीतून आवळासुपारी काढून तिच्या तोंडात घातली. त्या सबंध सोहळ्यातलं पहिलं स्वागत ते.

दोनला दारं उघडली आणि पिशव्या पलंगावर ओतल्या गेल्या. निघालं काय? काळा चष्मा. गवती टोपी. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी. वासाची मेणबत्ती, काडेपेटीशिवाय. अंधारात चमकणाऱ्या नळ्या. रबरी सपाता, सगळ्यांना एकाच मापाच्या, त्यामुळं तुझ्या मामीला त्या होड्यांसारख्या झाल्या आणि मला टाचेच्या अलीकडंच संपल्या. आणि उन्हाचं मलम, पन्नास नंबरचं. सोयाबीनच्या राशीवर आणि हरभऱ्याच्या काढणीला आयुष्य उन्हात काढलेल्या माणसांना तू ऊन लागू नये म्हणून अंगठ्याएवढी बाटली दिलीस, बाबा. मावशीनं विचारलं, "हे तोंडाला लावायचं का पायाला?" मी म्हणालो, दोन्हीला पुरणार नाही, एक कुठलं तरी ठरव.

पाण्याची बाटलीही होती, दोन घोटांची. तिच्या गळ्यात इंग्रजी चिठ्ठी : पाणी पीत राहा. हे लातूरच्या माणसांना! २०१६ च्या एप्रिलात आमच्या जिल्ह्याच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. तू तेव्हा पुण्यात शॉवरखाली होतास. पाण्याचं मोल आम्हाला चिठ्ठीवर लिहून देऊ नकोस, तेवढं आम्हाला तोंडपाठ आहे.

खरा चमत्कार तळाशी होता. लाल कापडी थैलीत डोकेदुखीची गोळी, क्षारांची पुडी आणि काजूच्या फेणीची छोटी बाटली. आधी आजार व्हावा आणि मग औषध हाताशी असावं, या हिशेबानं केलेली ती 'किट'. तुझे थोरले मामा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकी चुकवत नाहीत, कांदा-लसूणही खात नाहीत. त्यांनी ती बाटली खोबरेल समजून हातावर ओतली. त्यानंतरचा अर्धा तास मी इथं लिहीत नाही. फेणीचा अपमान करायचा नाही मला. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, गोवेकरांच्या घरची ती मानाची वस्तू आहे. पण मानाची वस्तू द्यायलाही समोरचा माणूस बघावा लागतो. बरं, गोव्यातली बाटली महाराष्ट्रात आणायची तर परवाना लागतो आणि परतीच्या वाटेवर इन्सुलीला दारूबंदीवाल्यांचा नाका आहे, हे त्या चिठ्ठीत कुठं होतं?

आता तू म्हणशील, मामा, तुम्ही जुन्या वळणाचे. मग जुनंच सांगतो. आपल्याकडं वऱ्हाड परगावाहून आलं की त्याला जानवसा द्यायचे. शाळेची खोली, नाहीतर कुणाचा तरी वाडा. सतरंज्या-गाद्या, पाण्यानं भरलेला रांजण, अंगणात तीन दगडांच्या चुलीवर आंघोळीचं पाणी. कोनाड्यात आरसा, फणी, तेलाची बाटली, दात घासायला राखुंडी आणि पानसुपारीचं तबक. तुझ्या पिशवीतल्या सगळ्या वस्तूंचे आजे-पणजे त्या कोनाड्यात होते. जास्तीचा होता तो एक माणूस. मुलीकडचा कुणी तरी काका किंवा शेजारी जानवशावर नेमलेला असायचा. गाडी रात्री दोनला आली तरी तो कंदील घेऊन उभा. कुणाला बिनसाखरेचा चहा लागतो, कुणाचा उपास आहे, कुणाचं लेकरू तापलं आहे, हे दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात पक्कं झालेलं असायचं.

जानवशाचे गोडवे गातोय असं समजू नकोस. तिथंच बसून वरपक्षानं किती रुसवे काढले आणि किती मुलीच्या बापांनी त्यापायी जमिनी विकल्या, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. चहा कोमट आला म्हणून मांडव सोडायला निघालेले व्याही याच तालुक्यात होऊन गेले. ती मिजास मेली ते बरंच झालं. पण मिजास काढताना तुम्ही माणूसही काढलात आणि त्याच्या जागी पिशवी ठेवलीत. तुझ्या छापील कार्यक्रमपत्रिकेत पोशाखाचा रंग होता, पार्टीच्या वेळा होत्या, तुम्हा दोघांची पहिली भेट कुठल्या कॉफीच्या दुकानात झाली तेही होतं. अडल्या-नडल्याला फोन कुणाला करायचा, तो नंबर नव्हता.

तू देवणीच्या मातीतला आहेस म्हणून जास्त राग येतो. आपल्या गावाचं नाव ज्या गाई-बैलांनी देशभर नेलं, त्यांच्यातही वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार आहेत. पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा तो वानेरा, नितळ पांढरा तो बालंक्या, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा. इथलं शेंबडं पोर बाजारात लांबून सांगतं कुठला कोणता. आणि तुला मधुमेहाची आज्जी, माळकरी मामा आणि तुझ्या कंपनीतला बंगळुरूचा दोस्त यांच्यातला फरक दिसला नाही? तिघांना तीच पिशवी, तीच चॉकलेटं, तीच फेणी.

समुद्राचं तर बोलायलाच नको. आमच्यातल्या निम्म्यांनी तो पहिल्यांदा बघितला. मांजरा-तेरणा ओलांडून आलेल्या माणसांना भरती-ओहोटी काय ठाऊक? दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं, पुनवेला-अवसेला जास्त चढतं. तुझ्या धाकट्या मामानं नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला वाळूवर काढल्या, जेवून आला, तोवर चपला अरबस्तानच्या वाटेला लागल्या होत्या. चपला गेल्या, त्याचं काही नाही. पण गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक बावटे लावतात : लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं. संध्याकाळी ते रक्षक निघून जातात आणि आमची पोरं नेमकी तेव्हाच, अंधार पडताना, तुझ्या चमकत्या नळ्या हातात धरून गुडघाभर पाण्यात नाचत होती. बावट्यांच्या दोन ओळी मराठीत छापायला किती खर्च आला असता? मेणबत्तीपेक्षा कमी, हे मी पैजेवर सांगतो.

त्या नळ्यांवरून आणखी एक. मोरजी, आगोंद, गालजीबाग या गोव्यातल्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत सागरी कासविणी रात्री अंडी घालायला येतात. उजेड आणि दणदणाट असला की परत फिरतात. लग्नसराई आणि त्यांचं बाळंतपण एकाच हंगामात येतं. तिथला कुणी तरी जेवताना मला हे सांगत होता, पण तुझ्या डीजेपुढं त्याचं अर्धंच ऐकू आलं.

आता पिशवीच्या कापडाकडं वळू. बाहेरून ताग वाटावा असा रंग, वर इंग्रजीत छापलेलं : समुद्र वाचवा. तुझ्या मामीला कापडातलं कळतं. तिनं एका बंदाच्या टोकाला काडी लावली. सुतासारखी राख पडायला हवी होती, पडला काळा, चिकट गोळा आणि खोलीभर प्लॅस्टिकचा वास. न विणता दाबून केलेलं पॉलिप्रॉपिलीन ते. महाराष्ट्रानं २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, त्यात या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्याही होत्या. देवणीच्या किराणा दुकानदारांनी त्यापायी दंड भरला. आत प्रत्येक वस्तू पुन्हा वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. समुद्र वाचवायचा होता तर पत्र्याच्या पेटीत लाडू दिले असतेस तरी चाललं असतं.

आणि खाऊ? विलायती बिस्किटं आणि पाकिटात मोजून दहा काजू. ज्या लातूर जिल्ह्यातून तू आलास, तिथल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही गावं आपल्या शेजारच्या निलंगा तालुक्यातली. सूनबाईच्या मुंबईच्या पाहुण्यांना पावशेर बोरसुरीची डाळ दिली असतीस, तर घरी गेल्यावर वरण करताना त्यांनी तुझं नाव काढलं असतं. आम्हाला गोव्याचं खाजं द्यायचं होतंस. गूळ-आल्याचं, तीळ लावलेलं, जत्रेत टोपल्यांनी विकतात. त्यालाही मानांकन आहे, तेही खिशाला परवडणारं. आज्जीनं साखर चालत नसतानाही लपून एक तुकडा खाल्ला असता आणि आम्ही न बघितल्यासारखं केलं असतं.

असो. झालं ते झालं. आता कामाचं. येत्या महिन्यात देवणीत गोंधळ आणि जेवण आहे, तुझे पुण्या-बंगळुरूचे दोस्त येणार आहेत. पाहुणे परगावचे, यजमान आम्ही. तेव्हा मला नुसता आकडा पाठवू नकोस. नावनिशीवार यादी पाठव : कोण कुठल्या गाडीनं किती वाजता उदगीरला उतरणार, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाला भुईमुगाचं चालत नाही, कुणाला जमिनीवर मांडी घालता येत नाही, कुणाबरोबर तान्हं लेकरू आहे. स्टेशनावर धाकटा मामा उभा राहील, गाडी कितीही वाजता येवो. त्याचा नंबर यादीतल्या प्रत्येकाला आधीच कळव. चपलांची मापं नकोत, आमच्या अंगणात अनवाणी चालतं. पिशवी आम्ही देणार नाही, निघताना धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी केळीच्या पानात बांधून देऊ. यादी शुक्रवारपर्यंत हवी, आचारी शनिवारी सामान भरतो.

सूनबाईला आशीर्वाद. ती पोर गुणी आहे. लॉबीत मावशीला लिंबूपाणी तिनंच आणून दिलं, मेंदीचे हात सांभाळत.

तुझा,
मामा

ता.क. : थोरल्या मामांच्या पिशवीतली बाटली हातावर ओतून अर्धी उरली होती. इन्सुलीच्या नाक्यावर कुणी ती शोधली नाही आणि घरी आल्यावर कुणालाही सापडली नाही. धाकट्या मामाला सध्या फार गाढ झोप लागते.